घाट चढून आलेली मांदेली



आज मी एका माशाबद्दल बोलणार आहे. ज्यांच्या गळ्यात माळ आहे त्यांनी लगेच रेडिओ बंद करू नका. खायचा आग्रह नाही, ऐकायचा आहे.

विषय निघाला तो आमच्या गटाच्या बैठकीत. मे महिना होता, अंतर्गत कर्जाचे अर्ज आले होते. दोघींना शेळ्या घ्यायच्या होत्या, एकीला पिको-फॉलचं मशीन, एकीला मुलीच्या प्रवेशाला पैसे. ते सगळे पाच मिनिटांत मंजूर झाले. मग आमच्या एक आक्का उभ्या राहिल्या. त्यांनी पंधरा हजार मागितले. कशाला, तर पावसाळ्याच्या तोंडावर सुकी मासळी भरून ठेवायला. त्या बाजाराच्या दिवशी पाटी घेऊन बसतात हे सगळ्यांना माहीत होतं. तरी बैठक एकदम गप्प झाली. मग एकेकीनं सुरू केलं. "वास येतो." "माल ठेवणार कुठं?" "गटाचं नाव काय पडंल?" खजिनदारबाई म्हणाल्या, "हप्त्याच्या नोटांना पण वास येईल की!" त्यावर हशा पिकला. आक्का हसल्या नाहीत.

मी समन्वयक. नियम काय आहे ते सांगायचं काम माझं. आक्कांची बचत चार वर्षांत एकदाही चुकलेली नव्हती, आधीची दोन्ही कर्जं वेळेत फिटली होती. हे सगळं मला तोंडपाठ होतं आणि तरी मी म्हणाले, "पुढच्या बैठकीत बघू."

बैठक उठल्यावर आक्का माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आल्या. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही इतिहास घिऊन बी.ए. केलंय न्हवं? मग पुढच्या बैठकीपतूर येवढं बघून या, ह्यो मासा आपल्यात कधीपास्नं येतोय. माझ्या आज्जीची सासू बी पाटी घिऊन बसायची म्हणत्यात. तवा न्हाई का वास यायचा?"

मग त्यांनी वर्तमानपत्राची एक पुडी माझ्या हातात दिली. आत बोटाएवढे, चपटे, वाळून पिवळसर झालेले मासे होते. बोंबील मी ओळखते, सुकट ओळखते. हे कोणते? "मांदेली," आक्का म्हणाल्या. "हितं कुणी नाव घिऊन मागत न्हाई. बारकी मासळी द्या म्हणत्यात."

आता त्या मांदेलीचं ऐका.

ओली मांदेली आपण घाटावरच्या बायकांनी क्वचितच बघितलेली असते. ती समुद्रातली, खाडीच्या तोंडाशी गढूळ पाण्यात राहणारी. मोठ्यात मोठी वीतभर, बाजारात येते ती बहुतेक त्याहून लहान. अंग सोनेरी आणि शेपटीकडे निमुळतं होत जाणारं, सुरीच्या टोकासारखं. पोटाच्या बाजूला मोत्यासारख्या सोनेरी ठिपक्यांच्या रांगा असतात. शास्त्रज्ञ सांगतात की हे ठिपके म्हणजे उजेड देणारे अवयव आहेत. म्हणजे आक्कांच्या पाटीत जो मासा धुळीनं माखून पडलेला असतो, तो जिवंतपणी अंधाऱ्या पाण्यात चमकत असतो. हे वाचल्यावर मी ती पुडी पुन्हा उघडून बघितली. वाळल्यावर त्यातलं काही दिसत नाही.

शास्त्रात त्याचं नाव कॉइलिया डुसुमिएरी. हे डुसुमिए कोण? फ्रान्समधल्या बोर्दो शहरचा एक व्यापारी आणि जहाजमालक, जाँ-जाक डुसुमिए. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो व्यापारासाठी आपल्या समुद्रात फेऱ्या मारायचा आणि जाताना मासे, पक्षी, प्राणी गोळा करून पॅरिसच्या संग्रहालयाला द्यायचा. तिथल्या वालाँसिएन या शास्त्रज्ञानं १८४८ साली या माशाचं वर्णन छापलं आणि त्याला या व्यापाऱ्याचं नाव दिलं. १८४८ म्हटलं की आपल्याला पुण्याचा भिडेवाडा आठवतो, सावित्रीबाई आणि जोतिरावांची मुलींची शाळा. साताऱ्याच्या लोकांना आणखी एक गोष्ट आठवेल. त्याच वर्षी शहाजीराजे वारले आणि डलहौसीनं सातारचं संस्थान खालसा केलं. त्याच साली पॅरिसमध्ये मांदेलीचं बारसं झालं. अर्थात कोळणी तिला त्याच्या कितीतरी आधीपासून मांदेली म्हणत होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मांदेली पकडतात डोलीच्या जाळ्यात. मुंबईच्या वर वसई, अर्नाळा, सातपाटी, डहाणू, आणि खाली रायगडच्या किनाऱ्याला ही डोल फार. हे मोठ्या पिशवीसारखं जाळं. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना बांधून ते भरती-ओहोटीच्या धारेत तोंड करून सोडायचं. होडीनं माशामागं धावायचं नाही. पाण्याचा जोरच मासा आणून पिशवीत घालतो. त्यात बोंबील येतात, जवळा येतो, मांदेली येते, सगळं एकत्र. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जातात आणि पाऊस येईपर्यंत हे चालू राहतं. पुरुषांचं काम किनाऱ्यापर्यंत. तिथून पुढं निवडणं, धुणं, वाळवणं आणि विकणं बायकांचं. तिकडं मासळीच्या पैशाची चावी बऱ्याचदा बाईच्या कमरेला असते, हे मला फार आवडलं.

बोंबील वाळवायची रीत तुम्ही सहलीला गेल्यावर बघितली असेल. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. बांबूच्या मांडवावर अशा शेकडो जोड्या लोंबत असतात. त्या मांडवाला वलांडी म्हणतात. मांदेली एवढी बारकी की ती टांगता येत नाही. ती जमिनीवर, चटईवर, नाहीतर खळ्यात पसरायची आणि दिवसातून दोन-तीनदा हातानं उलटायची. कडक ऊन असलं तर दोन-तीन दिवसांत कडकडीत होते. आपण कुरडया वाळत घालतो आणि कावळे हाकत बसतो तसंच हे काम, फक्त रोजचं आणि सात-आठ महिने चालणारं.

यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि तिथून इतिहास उलगडायला लागला. बोंबील, मांदेली, जवळा हे सगळं मिठाशिवाय वाळतं. अंगानं बारीक, त्यामुळं नुसतं ऊन पुरतं. सुरमई, घोळ, मुशी असल्या जाड माशाचं तसं नाही. तो कापून मिठात मुरवावा लागतो, नाहीतर आतून सडतो. तीन-चार भाग मासळीला एक भाग मीठ, असा साधारण हिशोब.

आणि मीठ म्हणजे तेव्हा काय होतं? आज किलोभर मीठ घेताना आपण भाव विचारत नाही. इंग्रजी राज्यात मिठावर कर होता. १८८२ साली तो मणाला दोन रुपये होता, १८८८ साली अडीच रुपये झाला. मण म्हणजे साधारण सदतीस किलो. मीठ तयार करायला येणाऱ्या खर्चापेक्षा कर कितीतरी पट. आणि शेतमजुराची रोजची मजुरी तेव्हा आण्यांत मोजत होते. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसालाही स्वतः मीठ काढायची, खारी माती खरवडायची बंदी होती. फ्रान्सिस डे नावाचा एक डॉक्टर मद्रासच्या फौजेत होता, पुढं तो हिंदुस्थानातल्या मत्स्यव्यवसायाचा सरकारी प्रमुख झाला. १८७५ ते ७८ या काळात त्यानं हिंदुस्थानातल्या माशांवर मोठा ग्रंथ छापला. आजही अभ्यासक तो चाळतात. त्याच्या आधी, १८७३ साली, त्यानं सरकारला अहवाल दिला होता. मिठाच्या करामुळं गरीब कोळ्यांना मासळी नीट खारवता येत नाही, हे त्याच्या तक्रारींपैकी एक. त्यानंतर मद्रास इलाख्यात सरकारनं मासळी खारवायची खास आवारं उघडली. तिथं बिनकराचं मीठ मिळायचं, पण सरकारच्या नजरेखाली बसूनच मासळी खारवायची.

मांदेलीला यातलं काहीच लागलं नाही. तिला ना मीठ लागतं, ना सरकारी आवार, ना शिपायाची नजर. खारवलेल्या माशाच्या किमतीत मिठाचा कर लपलेला असायचा. उन्हात वाळलेल्या मांदेलीत लपवायला काही नव्हतं. मिठाशिवाय वाळवायची रीत या कराच्या कितीतरी आधीची, त्यामुळं करापायी ती सुरू झाली असं मी म्हणणार नाही. पण गरिबाच्या भाकरीवर सुरमईचा तुकडा न येता बारकी मासळी का आली, याचं अर्धं उत्तर या करात आहे असं मला वाटतं. उरलेलं अर्धं उत्तर वजनात आहे. ओझं वाहणाऱ्याला हलका माल परवडतो.

आणि ओझं वाहूनच आणावं लागायचं. सह्याद्री मध्ये उभा आहे ना.

आपला जिल्हा तेव्हा सांगली नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे सातारा जिल्ह्यात. सांगली, मिरज, जत ही संस्थानं, आणि आटपाडी औंधच्या राजाची. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. या सगळ्या मुलखाला समुद्राकडं जाणाऱ्या वाटा मोजक्या. चिपळूणहून कुंभार्ली घाटानं हेळवाक, पाटण, कराड. रत्नागिरीकडून आंबा घाटानं कोल्हापूर-शिराळ्याकडं. महाडकडून आंबेनळीच्या घाटानं महाबळेश्वर, वाई, सातारा. चिपळूणला वाशिष्ठी नदीतून गलबतं यायची. गोवळकोटच्या धक्क्यावर माल उतरायचा आणि बैलांच्या पाठीवर, गाडीरस्ता झाल्यावर गाड्यांवर, घाट चढायचा. वरून गूळ, हळद, तंबाखू, धान्य खाली जायचं. खालून मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर यायची. आपल्या सांगलीच्या हळदीचा आणि गुळाचा इतिहास लिहिला गेला, त्यांच्या पेठा झाल्या, अडते झाले. ज्या बैलाच्या पाठीवर हळद घाट उतरली, तोच बैल परत येताना मासळीची गोणी घेऊन चढला. पण मासळीची पेठ झाली नाही. ती बाजाराच्या कडेला, पाटीत राहिली.

मिठाच्या कराचं पुढं काय झालं तेही सांगते. १९३० साली गांधीजी दांडीला गेले हे शाळेत शिकलोय. आपल्या मराठी मुलखातला मिठाचा मोठा सत्याग्रह त्याच वर्षी मे महिन्यात शिरोड्याला झाला, वेंगुर्ल्याजवळ. आपल्या सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर त्या काळात शिरोड्याच्याच शाळेत शिक्षक होते. पण कर लगेच गेला नाही. तो उठला १९४७ च्या एप्रिलपासून, स्वातंत्र्याच्या जेमतेम साडेचार महिने आधी.

तोपर्यंत मांदेलीला दुसरी वाट सापडलेली होती. ती घाटातली नाही, मुंबईतली. मुंबईच्या गिरण्यांत सातारा आणि रत्नागिरीची माणसं सगळ्यात जास्त. १८८० च्या दशकात पुण्याहून मिरजेपर्यंत रेल्वे आली, मग मुंबईला जाणं-येणं सोपं झालं. माझे आजोबा लालबागला एका गिरणीत होते. गावच्या जत्रेला यायचे तेव्हा ट्रंकेत आजीला लुगडं, पोरांना बिस्किटं, आणि वेगळ्या कापडी पिशवीत सुकी मासळी. पिशवी वेगळी, कारण लुगड्याला वास लागू नये. आजी सांगायची, की एस.टी.त ती पिशवी ते मांडीवर घेऊन बसायचे आणि शेजारचा माणूस उठून दुसरीकडं जायचा. "बरंच झालं, ऐसपैस बसायला मिळायचं," असं म्हणायचे म्हणे. १९८२ च्या संपात गिरणी गेली, आजोबा कायमचे गावी आले आणि ती पिशवी बंद झाली. मग आजी बाजारातून घ्यायला लागली.

गिरणगावातल्या कामगारांना जेवण कोण घालायचं? खानावळवाल्या बायका. एका खोलीत चूल, आणि दोन पाळ्यांत वीस-पंचवीस माणसं. त्यांच्या ताटात सुकी मासळी ठरलेली, कारण महिनाअखेरीला तीच परवडायची. या बायकांना कर्ज द्यायला सावकाराशिवाय कुणी नव्हतं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. हे मी मुद्दाम सांगतेय. बचत गटाच्या प्रशिक्षणात आम्हाला अन्नपूर्णाचं उदाहरण आदर्श म्हणून शिकवलं होतं. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. आणि आमच्याच बैठकीत आक्का उभ्या राहिल्या तेव्हा मला ते आठवलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ मी बघितलेला नाही, माझ्या आईनं बघितलाय. आटपाडी, जत, कवठे महांकाळ, खानापूर, सगळा पूर्व भाग करपला होता. खडी फोडायच्या कामावर सुकडी वाटायचे. आईच्या लहानपणी सुकडी आणि सुकट या दोन शब्दांवर पोरं कोट्या करायची. कामावर दुपारी मिलोची भाकरी निघायची, आणि ज्याच्या फडक्यात दोन भाजलेले मासे असतील त्याच्याभोवती माणसं बसायची. भाजी नाही, डाळ महाग, दूध जनावरांबरोबर गेलेलं. सुक्या मांदेलीच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात, आणि ती काट्यासकट खाल्ली जाते म्हणून हाडांना लागणारा चुनाही पोटात जातो. हे आज आपल्याला आहारतज्ज्ञ सांगतात. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. स्वस्त होती, टिकत होती, चिमूटभरात भाकरी उतरत होती, एवढंच.

मग तिची लाज कुठून आली? इथं मला स्वतःबद्दल सांगायला लागेल.

मी कॉलेजला वसतिगृहात होते. एकदा आईनं गावच्या माणसाबरोबर डबा पाठवला. मांदेली भाजून, मुंडकी काढून, कांदा-लसूण मसाल्यात कुटून केलेली चटणी. डबा उघडला आणि खोलीतल्या एकीनं नाकाला ओढणी लावून विचारलं, "तुमच्यात हे खातात?" 'तुमच्यात' हा शब्द कसा उच्चारतात हे तुम्हाला सांगायला नको. मी म्हणाले, "नाही, गावच्या बाईनं चुकून दिलं असेल." आणि मागच्या बाजूला जाऊन ती चटणी उकिरड्यावर टाकली. आई पुढच्या खेपेला म्हणाली, "संपली का चटणी? आणखी देऊ?" मी म्हणाले, "संपली."

आपल्याकडं मटण म्हणजे मान. जावई आला, जत्रा आली, बोकड पडला, की गल्लीभर वास सुटतो आणि त्याला आपण वास म्हणत नाही, घमघमाट म्हणतो. सुकी मासळी मात्र घरात झाली तर दार लावून घ्यायचं. ती खाल्ली जायची सगळ्यांच्यात, शेतकऱ्याच्या घरी पेरणीच्या घाईतही व्हायची, पण नाव चिकटलं ते गावकुसाबाहेरच्या वस्तीला आणि मजुराला. पुण्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रानं २००९ साली दलित घरांतल्या अन्नाच्या आठवणी आणि पाककृती गोळा करून एक पुस्तक काढलं. बायकांनीच सांगितलेल्या गोष्टी आहेत त्यात. ते वाचताना मला कळलं की कोण काय खातं यापेक्षा कोण काय लपवतं यातून गावाचा नकाशा लवकर समजतो. आमच्या बैठकीत वासावर एवढं बोलणं झालं, पण जातीचं नाव कुणी काढलं नाही. काढायची गरजही नव्हती. बाजारातसुद्धा आक्कांसारख्या बायकांची जागा अगदी टोकाला, गटारीच्या कडेला. वर्षानुवर्षं तीच. पावती मात्र सगळ्यांसारखीच फाडतात.

आता आजचं थोडं. सरकारनं २०२३ साली पापलेटला राज्यमासा केलं. छान आहे, दिसतोच राजबिंडा. मांदेलीला असलं काही मिळण्याची शक्यता नाही. तिच्यापुढं दुसरंच संकट आहे. बारकी मासळी आता मोठ्या प्रमाणात मासळीच्या भुकटीच्या कारखान्यात जाते आणि कोंबडीच्या, माशांच्या खाद्यात मिसळली जाते. एकगठ्ठा घेणारा गिऱ्हाईक मिळाला की वाळवत कोण बसणार? आक्का सांगतात की दहा वर्षांपूर्वी मिळायची तशी स्वच्छ, अखंड मांदेली आता मिळत नाही. चुरा जास्त, वाळू जास्त. शिवाय बारीक आसाच्या जाळ्यात माशांची पिल्लंच फार येतात, म्हणून कोणता मासा केवढा झाल्यावर पकडायचा याची मापंही सरकारनं ठरवून दिली आहेत. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना समुद्रात बंदी असते, ती यासाठीच. तेवढ्या काळात घाटावर जो सुका माल विकला जातो, तो मेअखेरपर्यंत भरलेला. आक्कांना पंधरा हजार मे महिन्यातच का हवे होते, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. जूनमध्ये दिले काय आणि न दिले काय.

घेणाऱ्यांसाठी आक्कांनी सांगितलेलं एक सांगते. सुकी मांदेली हातात घेऊन वाकवा. कडकन मोडली तर नीट वाळलेली, लवली तर आत ओल आहे, घेऊ नका. घरी आणल्यावर आधी कोरडीच चाळून घ्या, वाळू खाली पडते. मग तव्यावर भाजा आणि नंतरच पाण्यातून काढा. आधी भिजवली की वाळू अंगात बसते आणि दाताखाली येते. रक्तदाब असणाऱ्यांनी बाजारात स्पष्ट विचारा, खारवलेली आहे की नुसती उन्हातली.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीपर्यंत थांबलो असतो तर मे संपला असता. म्हणून आठव्या दिवशी मी जादा बैठक बोलावली. वहीत लिहून नेलं होतं, पण वाचून नाही दाखवलं, असंच सांगितलं. मिठाच्या कराचं सांगितलं, घाटाचं, आजोबांच्या पिशवीचं. वसतिगृहातल्या डब्याचं पण सांगितलं. ते आईलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. मग थोडा वेळ कुणी बोललं नाही. आणि खजिनदारबाईच म्हणाल्या, "आमच्या सासूबाई बाळंतिणीला पण द्यायच्या, दूध येतं म्हणून. मला दोन्ही बाळंतपणात दिलीया." दुसरी म्हणाली, तिचा नवरा अजून दर बाजारी आणतो, पण कागदात गुंडाळून वर मेथीची पेंडी ठेवतो. मग सगळ्याच बोलायला लागल्या. अर्धा तास बैठक नुसती मासळीवर चालली. कुणाची आई वांग्यात घालायची, कुणाची नुसत्या लसणावर परतायची.

ठराव झाला तो दहा हजारांचा. पंधरा नाही. दोघींनी हात वर केला नाही, आणि माल समाजमंदिराच्या आसपास ठेवायचा नाही अशी अट घातली गेली. ती अट मला पटली नव्हती. आक्का म्हणाल्या, "असू दे ताई, आधी माल तर भरू." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं त्या गेल्या आणि तीन पोती घेऊन आल्या, त्यातलं एक मांदेलीचं.

पहिला हप्ता आषाढात आला, तारखेच्या दोन दिवस आधी. खजिनदारबाईंनी नोटा मोजल्या. मग सगळ्यांच्या देखत एक नोट नाकाशी धरून बघितली, आक्कांकडं बघितलं, आणि पेटीत टाकली.